जिवंत आमिषाला मागचा गळ: नागपूर परिसरात शिकणाऱ्यांसाठी

जिवंत मासोळी गळाला लावून शिकारी मासा धरायला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक अडचण लवकरच भेटते. दोरीला जोराचा हिसका बसतो, रॉड वाकतो, आणि ओढून पाहावे तर गळ रिकामा तरी असतो किंवा त्यावर शेपटीकडून चुरगळलेली मासोळी तरी लोंबत असते. कन्हान नदीच्या काठावर जाळे आवरत असलेल्या, ढीवर या मासेमार समाजातील एका वयस्क गृहस्थांनी याचे कारण मला एका वाक्यात सांगितले होते: "मासा मांगून धरते भाऊ, अन् तुमचा गळ रायते तोंडाशी." पाठलाग करणारा मासा पुष्कळदा आमिषाचा मागचा भाग किंवा कूस पकडतो, आणि मग ते तोंडात फिरवून डोक्याकडून गिळतो. त्याने पकडल्यापासून गिळेपर्यंतच्या वेळात आपण दोरी ओढली, तर ओठात अडकवलेला गळ त्याच्या जबड्याबाहेरच असतो. हे अंतर भरून काढण्यासाठी मुख्य गळाच्या मागे आखूड तारेने जो दुसरा छोटा गळ जोडतात, त्याला स्टिंगर म्हणतात.

उत्तर अमेरिकेत पाइक आणि वॉलाय या गोड्या पाण्यातील माशांसाठी, तसेच समुद्रातील किंग मॅकरेलसाठी ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. किंग मॅकरेल हा आपल्या सुरमईच्या जातकुळीतला मासा असून वेगात येऊन आमिषाची शेपटी कापून नेण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. विदर्भात समुद्र नाही. मात्र आपल्या नद्यांच्या डोहांत आणि धरणांच्या पाण्यात शिवडा हा शिकारी मासा आहे, ज्याचा जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेला असतो आणि ज्याच्या तोंडात बारीक, आत वळलेल्या दातांचे पट्टेच्या पट्टे असतात. मोठे आमिष लावून शिवड्याच्या मागे जाणाऱ्याला स्टिंगर बांधता आलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मरळीच्या बाबतीत मात्र मी तो सहसा बांधू देत नाही. मरळ लहान आमिष बहुधा एका घासात घेते आणि राहते ती वनस्पतींच्या कडेला, त्यामुळे दुसऱ्या गळाचा उपयोग कमी आणि त्रास जास्त होतो. अंबाझरी तलावातील जलपर्णीचा पसारा ज्याने पाहिला आहे, त्याला मोकळी टोके असलेला जास्तीचा गळ तिथे काय करील, हे समजावून सांगावे लागणार नाही.

स्टिंगर लावायचा की नाही, हे फसलेल्या आमिषाकडे पाहून ठरवावे. परत आलेली मासोळी ओल्या तळहातावर घेऊन उजेडात नीट न्याहाळावी. दातांच्या खुणा पाठीच्या पराच्या मागे असतील, खवले शेपटीच्या बाजूला निघालेले असतील, तर मागच्या गळाची गरज आहे. खुणा डोक्याजवळ असतील, तर गळ योग्य जागीच होता. मग टोकाची धार किंवा ओढण्याची वेळ तपासावी. नुसते पर कुरतडलेले असतील, तर ते बहुधा खेकड्यांचे किंवा बारक्या माशांचे काम समजावे आणि आमिष तळापासून थोडे वर उचलावे. ही पाहणी न करता पहिल्या हिसक्यानंतर लगेच दुसरा गळ बांधायला बसणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत, म्हणून हा मुद्दा मी सर्वांत आधी शिकवतो.

आता बांधणीकडे येतो. गळांच्या क्रमांकांचा हिशेब नवख्यांना उलटा वाटतो: ६ क्रमांकाचा गळ ४ क्रमांकापेक्षा लहान असतो, आणि १ च्या पुढे १/०, २/० असे आकार वाढत जातात. दहा ते बारा सेंटिमीटर लांबीच्या मासोळीसाठी पुढे १/० किंवा २/० चा एकेरी गळ आणि मागे ६ किंवा ४ क्रमांकाचा तीन टोकांचा गळ, म्हणजे ट्रेबल, पुरेसा होतो. मागचा गळ मोठा घेण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या वजनाने मासोळीची शेपटी खाली ओढली जाते, ती पोहायची सोडून तग धरण्यासाठी धडपडू लागते आणि थोड्याच वेळात दमते. जोडणीसाठी सात पदरी पोलादी तार, साधारण वीस ते तीस पौंड ताकदीची, हाताळायला सोपी आणि पुरेशी लवचीक असते. साधी नायलॉन दोरी इथे भरवशाची नाही. शिवड्याचे दात बारीक असले तरी ते कानशीसारखे घासतात आणि दोरी झिजवून टाकतात.

सगळे कौशल्य तारेच्या लांबीत आहे. मुख्य गळ ओठांतून किंवा नाकपुड्यांतून घातल्यावर तिथपासून पाठीच्या पराच्या किंचित मागपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात एक ते दीड सेंटिमीटर ढील धरावी. तार तंतोतंत मापाची केली, तर मासोळीला अंग वळवता येत नाही; ती एका कुशीवर वाकते, गोल गोल फिरते आणि लवकर मरते. तार फार लांब ठेवली, तर पोटाखाली तिचा फास लोंबतो, काडीकचरा गोळा करतो आणि कधीकधी मुख्य गळालाच जाऊन अडकतो. म्हणून आमिष लांब फेकण्याआधी काठालगतच्या उथळ, नितळ पाण्यात अर्धा मिनिट सोडून पाहावे. शेपटी दोन्ही बाजूंना सारखी हलत असेल आणि मासोळी सरळ खाली जाण्याचा प्रयत्न करत असेल, तर मोजमाप बरोबर आले.

तारेचे पुढचे टोक मुख्य गळाच्या डोळ्यात, म्हणजे दोरी बांधायच्या छिद्रात, बांधावे, वाकणात नाही. वाकणात अडकवलेली तार घसरून निघू शकते. शिवाय मासा मागच्या गळाला लागला, तर सगळा जोर पुढच्या गळाला आडवा ओढतो. पितळी किंवा तांब्याची दुहेरी नळी घालून तार डोळ्यातून न्यावी, पुन्हा नळीतून परत आणावी, टोक नळीबाहेर एक-दोन मिलिमीटर राहू द्यावे आणि पकडीने नळी मध्यभागी दाबावी. नळीच्या दोन्ही कडा न दाबता मोकळ्या ठेवाव्यात, कारण दाबलेली कड तारेचे पदर कापते. एकेरी ताठ तार वापरणाऱ्याने हेवायर पीळ शिकून घ्यावा: दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे तीन-चार वेळा पिळावेत, एकावर दुसरा नुसता गुंडाळला जाऊ नये, त्यानंतर तीन-चार घट्ट वेढे काटकोनात घालावेत, आणि उरलेले टोक कापण्याऐवजी हँडलसारखे वाकवून फिरवत तोडावे. असे तोडलेले टोक गुळगुळीत राहते. कापलेले टोक बोट चिरते. हा सराव घरी, दिव्याखाली बसून, जुन्या गळांवर करावा. पाण्यावर पोहोचल्यावर तार पिळायला शिकू नये.

ट्रेबलच्या तीन टोकांपैकी एकच टोक मासोळीच्या कातडीखालून अगदी वरवर न्यावे आणि दोन टोके मोकळी ठेवावीत. ते कण्यात किंवा पोटात जाता कामा नये, आणि शेपटीच्या बुडाशीही नको, कारण पोहण्याचा सगळा जोर तिथूनच येतो. हिसका बसल्यावर ते टोक कातडी फाडून सहज सुटले पाहिजे, तरच गळ माशाच्या जबड्यात रुतेल. मुख्य गळ सर्कल प्रकारचा, म्हणजे टोक आत वळलेला, असेल, तर मात्र स्टिंगर लावू नये. सर्कल गळ हळूहळू ताण वाढवून जबड्याच्या कोपऱ्यात बसवायचा असतो, आणि स्टिंगर मागतो तात्काळ ओढ. या दोन्हींचा मेळ बसत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात आमिष जिवंत ठेवणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या बादलीत दाटीने ठेवलेल्या मासोळ्या फार वेळ टिकत नाहीत. बॅटरीवर चालणारा एअर पंप, झाडाची सावली, ओले गोणपाट गुंडाळलेली बादली आणि कमी मासोळ्या, एवढे जमवावे. गोठवलेली बाटली झाकण घट्ट लावून पाण्यात ठेवता येते, मात्र तापमान एकदम उतरू देऊ नये. नळाचे पाणी क्लोरीनमुळे घातक ठरते, म्हणून जिथून मासोळ्या आणल्या तिथलेच पाणी वापरावे. उरलेल्या मासोळ्या आणि ते पाणी दुसऱ्या तलावात कधीही सोडू नये. तिलापियासारख्या परक्या जाती नव्या पाण्यात शिरण्याची ती सोपी वाट आहे. बेडूक आमिषाला लावण्याची सूचना कोणी केली, तर ती सरळ नाकारावी. आपल्या मोठ्या बैलबेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि शेतातल्या किडींवर त्याचा जो उपकार आहे तो वेगळाच.

जागेची चौकशी सामान घेण्याआधी करावी. बहुतेक तलावांवर मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे संस्थेच्या माणसाला भेटून परवानगी मागावी. आमिषाच्या मासोळ्याही बहुधा तिथूनच मिळतात. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकण्याचा विचारसुद्धा नको. पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ असतो. केशरी-लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला, की खाली मरळीचे आईबाप राखणीला आहेत असे समजावे आणि दोरी गुंडाळून पुढे जावे. माशांची शरीररचना आणि सवयी मुळापासून शिकायच्या असतील, तर महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही शहरात आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी तिथे करता येते. छंदातून या विषयाकडे वळलेल्या मुलामुलींना मी ही वाट आवर्जून सुचवतो.

स्टिंगरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे त्यामुळे थांबावे लागत नाही. एकाच गळावर मासा गिळेपर्यंत वाट पाहिली, तर गळ घशात किंवा कल्ल्यांत जातो आणि सोडून दिलेला मासाही पुढे मरतो. मागचा गळ असताना हिसका जाणवताच दोरीतील ढील गुंडाळून घ्यावी आणि लगेच, एका दमात, रॉड बाजूला ओढावा; मासा बहुधा जबड्याच्या कडेलाच अडकतो. ज्याला मासे सोडूनच द्यायचे आहेत, त्याने ट्रेबलऐवजी मागे छोटा एकेरी गळ लावावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, कारण मोकळी टोके माशाच्या डोळ्याला इजा करू शकतात.

मासा काठाशी आला की हात घालण्याआधी दोन्ही गळ कुठे आहेत ते पाहावे. एक गळ माशात आणि दुसरा मोकळा असेल, तर माशाच्या एका उसळीत तो मोकळा गळ आपल्या हातात रुततो. म्हणून आधी मोकळा गळ पकडीत धरावा किंवा कटरने त्याची तार तोडावी, मग लांब पकडीने माशातला गळ काढावा. गळ माणसाच्या डोळ्याजवळ लागला, तर तो जागेवर काढण्याचा प्रयत्न न करता थेट दवाखाना गाठावा. इतरत्र रुतला तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. एकदा मासा लागलेली तार पुन्हा वापरण्यापूर्वी बोटांतून फिरवून पाहावी, आणि कुठे मुरड पडली असेल किंवा एखादा पदर तुटला असेल, तर ती तार बदलावी. तुटलेले तुकडे आणि निकामी गळ झाकणाच्या डबीत टाकून घरी आणावेत, कारण त्याच काठावर संध्याकाळी म्हशी पाण्यावर येतात.