इलेक्ट्रिक ओव्हनसाठी स्वतंत्र लाइन

स्वयंपाकघरात बसवायच्या ओव्हनच्या मागील पट्टीवर ३००० वॅट लिहिलेले असेल, तर २३० व्होल्टवर तो सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो कधीही लावू नये. एवढ्या भारासाठी डीबीपासून (घरातील वीजवाटपाच्या पेटीपासून) थेट ओव्हनपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) असावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबमधून गेलेल्या पाइपात वायर आणखी तापते, त्यामुळे तिची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते. येथे अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर काटकसर करणे मला पटत नाही.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद केल्यावरही टेस्टरने खात्री करावी, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावा. रंगांची गफलत मात्र हमखास होते. ओव्हनच्या केबलमध्ये तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते; जुन्या थ्री-फेज घरात मात्र निळी वायर फेजचीही असू शकते.

वायरीचे तोंड स्क्रूखाली घट्ट आवळावे. आमच्या घरी एक स्क्रू सैल राहिला होता. सॉकेटची कड तपकिरी पडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला, तेव्हा ते कळले. शेवटी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे. त्याचा खटका पडून वीज बंद झाली नाही, तर ओव्हन सुरू करू नये.