वाड्याच्या चौकात गोष्ट सांगताना

पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या चौकात नातवंडांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे एकत्र बसणार असतील, तर गोष्ट शब्दशः पाठ करू नये. प्रसंगांचा क्रम, पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य तेवढे पक्के करावे. भिजलेला कावळा ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ म्हणतो, तेव्हा हवेतच टकटक करून थांबावे आणि ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे उत्तर मुलांनाच देऊ द्यावे. ती शांतता भरून काढण्याची घाई नवखे हमखास करतात. मोठ्यांसमोर आवाज चढवण्याऐवजी खाली आणावा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांचे कथाकथन नेपथ्यावर नव्हे, बोलीच्या लयीवर रंगत असे. अगदी लहानग्यांसाठी मात्र 10 मिनिटे पुरेत.