कोपऱ्यावर फास्ट चार्जर बसतोय? तो खरंच कधी चालू होणार हे असं ओळखा

नेरुळला आमच्या सोसायटीपासून पाच मिनिटांवर एका पार्किंगच्या कोपऱ्यात ऑक्टोबरमधे पत्रे लागले आणि वर बोर्ड, ईव्ही फास्ट चार्जिंग स्टेशन लवकरच. आमचं पार्किंग उघड्यावर, मीटरपासून तिथपर्यंत वायर ओढणं शक्य नाही, गाडी चार्ज करायला रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्या नोडला, म्हणजे नवी मुंबईतल्या दुसऱ्या भागात, जावं लागतं, त्यामुळे मी रोज येता जाता तिकडे बघायचोच. नोव्हेंबरअखेर दोन चकचकीत मशिनं उभी राहिली, मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की आता आठवड्याभरात चालू, आणि चालू झालं मार्चमधे. या चार महिन्यांत जे कळलं ते लिहितोय, कारण खारघर, वाशी, घोडबंदर सगळीकडे अशी कामं चालू आहेत आणि लोक मशिनकडे बघून अंदाज बांधतात. मशीन बसवणं एक दोन दिवसांचं काम आहे, बघायचं ते वीज कुठून येतेय ते.

सगळ्यात आधी लोड विचारा, म्हणजे एकूण किती किलोवॅट वीज मागितलीय ते. सुपरवायझर किंवा वायरमन सकाळी अकराच्या आसपास चहाला बाहेर येतात तेव्हा नीट बोललं तर सांगतात, फक्त "कधी चालू होणार" विचारू नका, त्याला उत्तर एकच, "बस साहेब, होईल आता". विचारायचं असं, दादा, सँक्शन (मंजूर) लोड किती, आणि महावितरणचं कोटेशन, म्हणजे कनेक्शनसाठी त्यांनी सांगितलेली रक्कम, भरलं का. कोटेशन भरलेलं नसेल तर बाकी काहीही दिसू दे, वेळ आहे. लोड कळला की पुढचं बरंच कळतं. ६० किलोवॅटची दोन मशिनं म्हणजे १२०, हे लो टेन्शनवर (एलटी, घरादुकानांना येते ती कमी दाबाची वीज) भागू शकतं, महापालिका हद्दीत साधारण १५० किलोवॅटपर्यंत एलटी कनेक्शन मिळतं. त्याच्या वर गेलं की एचटी, हाय टेन्शन, म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, त्याला जाळीचं कुंपण, मीटरिंग क्युबिकल (मीटरची मोठी पेटी), आणि वीज सोडायच्या आधी विद्युत निरीक्षकाची परवानगी. म्हणजे पत्र्याआड ट्रान्सफॉर्मरसाठी वेगळा चौथरा बांधताना दिसला की अजून काही महिने धरून चाला.

आमचं एलटीच होतं तरी अडकलं. केबल आणायची होती रस्त्याच्या पलीकडच्या फीडर पिलरपासून (रस्त्याकडेला असते ती वीज वाटपाची लोखंडी पेटी) आणि कॉन्ट्रॅक्टरने रस्ता खोदायच्या परवानगीचा अर्जच उशिरा दिला, त्यामुळे मशिनं प्लास्टिक गुंडाळून नुसती उभी. म्हणून जवळचा फीडर पिलर किंवा ट्रान्सफॉर्मर शोधा, तिथून साइटपर्यंत एकदा चालत जा, मधे डांबरी रस्ता येतो का बघा. येत असेल आणि एप्रिल संपत आला तरी चर खणलेला नसेल तर सरळ दिवाळी धरा, कारण पावसाळ्यात खोदाईला परवानगी देत नाहीत. २०२४ मधे केंद्राच्या वीज ग्राहक नियमांत दुरुस्ती झाली, त्यात नवीन कनेक्शन महानगरात ३ दिवसांत आणि इतर शहरी भागात ७ दिवसांत द्यायचं आहे, पण ते जिथे आहे त्या लाइनवरून देता येत असेल तरच, नवीन केबल टाकायची असली की हिशोब वेगळा.

आता मशिनखालचा चौथरा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण काँक्रीट पडायच्या आधीच बोलून उपयोग असतो. आमच्या कोपऱ्यावर जुलैत पाणी तुंबतं. समोर चप्पल शिवणारे काका वीस वर्षं बसतात, त्यांनी मागच्या भिंतीवरची मातकट रेघ बोटाने दाखवली, गुडघ्याच्या थोडी खाली, आणि आत मशिनसाठी लावलेली फळ्यांची शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) होती जेमतेम वीतभर. मी त्या रेघेचा टेप लावून फोटो काढला आणि साइटवरच्या इंजिनिअरला दाखवला, त्यांनी ऐकून घेतलं, दोन दिवसांनी फळ्या उंच झाल्या. तुमच्याकडेही हे करा, जुन्या दुकानदाराला विचारा, रेघ मोजा, शांतपणे दाखवा. सीईए, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत त्यात चार्जिंगचं सॉकेट तयार जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर हवं आणि गाडी उभी केल्यावर तिचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून ५ मीटरच्या आत यायला हवं, तेही पार्किंगचे पट्टे मारताना बघून घ्या.

अर्थिंगचे खड्डे बाहेरून सहज दिसतात. आमच्याकडे एका दुपारी कोळशाची आणि मिठाची पोती उतरली, खड्ड्यात पाइप उभा करून थरावर थर टाकत होते आणि मधे मधे पाणी सोडत होते. असे खड्डे मशिनपासून थोडे लांब असतात, वर छोटं झाकण येतं.

फोटो दर रविवारी एकाच जागेवरून काढा, मी विजेच्या खांबाला टेकून काढायचो, मग काम पुढे सरकलं की नाही ते लगेच कळतं. पत्र्याच्या आत जाऊ नका, कामगारांचे चेहरे नकोत. जागा सरकारी असेल तर १० रुपयांचा आरटीआय अर्ज करून वर्क ऑर्डरची प्रत आणि काम पूर्ण करायची तारीख मागता येते, उत्तराला ३० दिवस.

शेवटची खूण मीटर. मीटर बसून सील लागलं आणि मशिनच्या स्क्रीनवर उजेड आला की दिवस मोजायला हरकत नाही. मग सिम टाकून ॲपला जोडतात आणि कंपनीची माणसं कुणाची तरी गाडी लावून टेस्टिंग करतात. तेव्हा जाऊन एक गोष्ट विचाराच, मशिनच्या दोन्ही सीसीएस टू गन (गाडीत खुपसायचे फास्ट चार्जिंगचे प्लग) एकदम लावल्या तर प्रत्येकीला किती मिळतं. आमच्या ६० च्या मशिनवर दोन गाड्या लागल्या की ३०-३० होतात, म्हणजे ४० युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून ८० ला न्यायला, २८ युनिट, जवळजवळ तास लागतो. म्हणून मी आता साडेदहानंतर जातो, तेव्हा शेजारची गन बहुतेक मोकळी असते.