स्वतःचंच पात्र बनवताय? मग या चुका टाळा

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. नवीन माणूस आमच्या टेबलावर आला की हमखास म्हणतो, "मला एल्फ-बिल्फ नको, मी स्वतःच खेळात गेलो तर कसा असेन ते खेळायचंय." मला ही कल्पना मनापासून आवडते. पण अर्ध्या तासाने त्याची कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेला कागद, हातात आली की जीव तुटतो, कारण तो माणूस तिच्यावर कुठेच नसतो. वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. नियम धरलेत ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ सालचे.

सगळीकडे सोळा-सतरा

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा प्रत्येक गुणासाठी (ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, प्रभाव) तीन फासे टाकून येईल ती बेरीज लिहायची पद्धत होती. तीन फाशांची सरासरी साडेदहा. १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक, १६ किंवा त्याच्या वर २१६ मध्ये दहा. माप आजही तेच आहे: १० म्हणजे साधा धडधाकट माणूस. खेळाच्या पुस्तकातल्या सामान्य गावकऱ्याचे सहाही गुण १० आणि एचपी, म्हणजे अंगात किती जीव आहे तो आकडा, फक्त ४. दहा फुटांवरून पडला की सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि येईल तितके एचपी कमी करायचे, म्हणजे निम्म्या वेळा तो तिथेच आडवा. आपण सगळे तिथून सुरू होतो.

आमच्याकडे एक मुलगा आला होता, नियमित जिमला जाणारा. त्याने ताकद १६ लिहिली. मी म्हटलं, १६ म्हणजे २४० पौंड, जवळपास १०९ किलो अंगावर घेऊन चालायचं. सिमेंटच्या दोन गोण्या आणि वर थोडं. तो जरा थबकला, पण खोडेना. मग आम्ही सगळे खाली सोसायटीमागच्या मातीच्या जागेत गेलो. नियम असा की दहा फूट धावत येऊन ताकदीचा आकडा असेल तितके फूट लांब उडी मारता येते. टेप लावली, खडूने रेघ मारली. तीन प्रयत्नांत सगळ्यात लांब उडी अकरा फूट आणि काही इंच. वर येऊन त्याने स्वतःहून १६ खोडून ११ केले.

दोन महिन्यांनी खेळात त्याच्यासमोर दहा फुटांची दरी आली. नियमाप्रमाणे ११ ताकदीला फासा टाकायचीही गरज नव्हती. तरी तो खुर्चीतून उठून उभा राहिला, कारण अकरा फूट म्हणजे किती हे त्याच्या पायांना माहीत होतं. १६ तसेच ठेवले असते तर त्याने "मारली उडी" म्हणून चिप्स खायला घेतले असते.

म्हणून माझी सवय सांगतो. पेन्सिल घ्या, सहाही ठिकाणी १० लिहा, आणि पुरावा असेल तरच आकडा हलवा. एक ८ हवाच. आणि चिवटपणा १६ लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावं की त्या आकड्याला चार मिनिटं श्वास रोखता येतो.

बुद्धी आणि शहाणपण एकच समजणं

पुस्तकी अभ्यास, तर्क, पाठांतर ही बुद्धी. समोरच्याचा आवाज बदलला हे कळणं, अंधारात काहीतरी हललं हे टिपणं हे शहाणपण. परीक्षेत चांगले मार्क पडलेली माणसं दोन्हीकडे १७ लिहून मोकळी होतात. हे दोन आकडे आणि प्रभावाचा तिसरा स्वतः भरूच नयेत. घरी जा आणि सोबत राहणाऱ्याला विचारा. एकाची आई म्हणाली, "याला नाकासमोर ठेवलेली किल्ली दिसत नाही." शहाणपण ८, विषय संपला.

बाकीच्या चुका थोडक्यात. क्लास म्हणजे पात्राचा पेशा; "तुम्ही कोणता क्लास?" छापाच्या ऑनलाइन चाचण्या सोडून द्या. दहा मिनिटं स्वतःचा विचार करायचा कंटाळा असेल तर हा खेळ घाईत होणार नाही. इंजिनिअर म्हणून विझार्ड (अभ्यासाने जादू शिकलेला) आणि वकील म्हणून बार्ड (गाण्या-बोलण्यातून जादू करणारा), असं करू नका. कोंडीत सापडल्यावर तुम्ही काय करता त्यावरून क्लास ठरवा. पहिल्या लेव्हललाच सुरू करा. ऑफिसातल्या साहेबाला खलनायक बनवू नका, दोन सत्रांत टेबलावर नुसती कडवट चर्चा उरते.

घरी परत न जाण्याचं कारण नसणं

ही चूक माझ्या सगळ्यात उशिरा लक्षात आली. चौघे मित्र स्वतःच्याच नावाने खेळत होते. शीट प्रामाणिक, एकही आकडा फुगवलेला नाही. जंगलातल्या वाटेवर उलटलेली गाडी दिसली, झाडीत गॉब्लिन, म्हणजे छोटे दुष्ट राक्षस. चौघांनी पाच मिनिटं चर्चा केली आणि गावात परत जाऊन पाटलाला कळवायचं ठरवलं. मग खानावळीत जेवले. चाळीस मिनिटांत खेळ संपला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. खरा माणूस हेच करेल, मीही हेच करेन.

त्यानंतर मी प्रत्येकाला शीटच्या मागे एकच ओळ लिहायला लावतो: मी आज मागे का फिरू शकत नाही? जग वाचवायचंय वगैरे चालत नाही, कारण त्यासाठी खऱ्या आयुष्यात कुणी दार ओलांडत नाही. पुढच्या रविवारी तेच चौघे आले, तीच वाट, तेच गॉब्लिन. या वेळी एकाने मागे लिहिलं होतं, "गाडीत माझी बहीण होती." त्याची ताकद ९, हातात काठी. बाकीच्या तिघांना विचारण्याआधीच तो झाडीत शिरला, आणि तिघांना त्याच्या मागे जावंच लागलं.