द्राक्षरसाचे किण्वन मध्येच थांबू नये यासाठी

मार्चमध्ये वाशीच्या घाऊक बाजारात नाशिक-सांगलीकडची द्राक्षे येतात, तेव्हा घडातून गळलेले मणी स्वस्तात मिळतात आणि बायोइथेनॉलच्या, म्हणजे यीस्टने साखर आंबवून (किण्वनाने) मिळणाऱ्या मद्यार्काच्या, प्रयोगासाठी ते पुरेसे चांगले असतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असल्यामुळे हा प्रयोग घरी करू नये. तो संस्थेच्या प्रयोगशाळेत, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या आवश्यक परवानगीनेच करावा.

बुरशी धरलेले मणी काढून बाकीचे धुवावेत, कुस्करावेत, रस गाळावा आणि रिफ्रॅक्टोमीटरने साखर मोजावी. पिकलेल्या द्राक्षांचा रस साधारण १८ ते २२ ब्रिक्स (१०० ग्रॅम रसात इतके ग्रॅम साखर) भरतो. इथे स्वादाची काळजी नसल्याने रस ७० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवून निववावा, म्हणजे सालीवरचे रानटी यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू बरेच कमी होतात.

दह्याप्रमाणे इथेही विरजण जोमदार हवे. लिटरमागे १ ग्रॅम कोरडे यीस्ट दहापट कोमट पाण्यात, ३८ ते ४० अंशांवर, १५ ते २० मिनिटे भिजवावे आणि त्यात थोडा थोडा रस मिसळत तापमान रसाजवळ आणावे. गरम यीस्ट एकदम गार रसात ओतल्यास अनेक पेशी मरतात.

किण्वन रखडले की साखर किंवा आणखी यीस्ट घालण्याकडे कल असतो. पण माझ्या मते पहिला संशय नायट्रोजनवर घ्यावा. द्राक्षरसात साखर मुबलक असते, मात्र पेशी वाढवण्यासाठी लागणारा नायट्रोजन पुष्कळदा अपुरा पडतो. लिटरमागे अर्धा ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट घेतल्यास सुमारे १०० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. त्यातील निम्मे किण्वन सुरू होताच आणि उरलेले निम्मे, रसातली एक तृतीयांश साखर संपल्यावर द्यावे. त्यानंतर देण्यात अर्थ नाही, कारण मद्यार्क वाढला की यीस्टला हा नायट्रोजन नीट शोषता येत नाही. पहिले २४ तास भांडे अधूनमधून हलवून हवाही द्यावी, कारण मद्यार्क सोसणारे पेशीपटल घडवण्यास प्राणवायू लागतो.

मग वायुसापळा (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी) लावावा. झाकण घट्ट बंद करू नये, कारण २०० ग्रॅम साखरेतून ५० लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबईच्या उन्हाळ्यात खोलीच ३२-३३ अंशांवर जाते, त्यात किण्वनाची स्वतःची उष्णता मिळते; म्हणून भांडे पाण्याच्या टबात ठेवून रस २८ ते ३२ अंशांत राखावा.

भांडे रोज एकाच वेळी वजन करावे. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने घटलेल्या प्रत्येक ४४ ग्रॅममागे सुमारे ४६ ग्रॅम इथेनॉल तयार झालेले असते. मद्यार्क तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर साखर जास्त दाखवतो, म्हणून शेवट द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवरच ठरवावा: वाचन १.००० च्या खाली उतरून दोन दिवस वजन स्थिर राहिले, की किण्वन पुरे झाले. त्याआधीच थांबले, तर नवे विरजण वेगळे तयार करून त्यात रखडलेला रस थोडा थोडा मिसळावा, ते पुन्हा फसफसू लागल्यावरच मूळ भांड्यात ओतावे.