ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय वाचताना

गीतेतल्या विश्वरूपदर्शनाचे श्लोक ५५, ज्ञानेश्वरीत त्यावर ओव्या ७०८. एका बैठकीत उरकायला गेलं की वर्णनांची नुसती जंत्री हाती लागते.

सार्थ (अर्थासह) प्रत घ्या, ओव्यांच्या मध्ये मूळ श्लोक छापलेली. आधी फक्त श्लोक वाचून समासात बोलणाऱ्याचं नाव लिहा. ९ ते १४ हे पहिलं वर्णन संजयाचं आहे; अर्जुन स्वतः काय पाहतो ते १५ पासून. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

मग मोठ्यानं वाचा. चौदाव्यापर्यंत अनुष्टुभ छंद, चरणात आठ अक्षरं. पंधराव्यापासून पन्नासाव्यापर्यंत त्रिष्टुभ, चरणात साधारण अकरा. अर्जुन पाहिलेलं सांगू लागतो आणि ओळ लांबते, हे मनात वाचून कळत नाही.

सृष्टी आणि संहार यांचा सांधा पेन्सिलीनं खुणावून ठेवा. सातव्या श्लोकात सगळं चराचर एका देहात. पंधराव्यात कमळावरचा ब्रह्मदेवही त्यातच. निर्माताच पोटात! तेविसाव्यापासून त्याच रूपाच्या दाढा दिसतात, अठ्ठाविसाव्यात समुद्राकडे धावणाऱ्या नद्या, एकोणतिसाव्यात ज्वाळेवर झेपावणारे पतंग. एकतिसाव्यावर थांबा. ‘तू कोण?’ हा प्रश्न तिथे येतो. ‘मी काळ’ हे उत्तर पुढच्या श्लोकात.

आता ओव्या. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. वाचताना तोच घाईत गिळला जातो, म्हणून त्याआधी किंचित थांबा. शब्द अडला तर ओवी पूर्ण करून मगच अर्थ पाहा, नाहीतर लय मोडते. सुरुवातीच्या ओव्या प्रस्तावना समजून गाळू नका: शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आला आहे, असं ज्ञानदेव तिथेच सांगतात. ते सुटलं की अध्याय नुसता भयानक वाटू लागतो.

सगळ्यात सावकाश वाचायचे ते श्लोक ४१ आणि ४२. खेळताना, निजताना, जेवताना केलेली थट्टा, ‘अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या’ ही हाक, या सगळ्याची अर्जुन क्षमा मागतो. आमच्या मते दाढांच्या वर्णनापेक्षा इथे विश्वरूपाच्या सामर्थ्याचं माप जास्त कळतं.

वेळ कमी असेल तर १५ ते ३४ आणि ४१ ते ४६ एवढ्या श्लोकांवरच्या ओव्या घ्या. मधले सोडले तरी धागा तुटत नाही.