मूळ मालिका एक म्हणते, स्पिन-ऑफ दुसरंच: गुंता सोडवायचा कसा

मूळ मालिका आणि तिच्यातून निघालेली दुसरी मालिका, म्हणजे स्पिन-ऑफ, यांच्यात काही जुळत नसलं की "सापडली बे चूक!" असा मेसेज ग्रुपवर टाकायच्या आधी ते न जुळणारं वाक्य कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कुठल्या मूडमध्ये म्हणतंय ते बघा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना आमच्यात कायम निघणारं उदाहरण म्हणजे डॉक्टर हू ही ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिका. १९७६ च्या एका कथेत सांगितलं की टाइम लॉर्डला, म्हणजे मालिकेचा हिरो डॉक्टर ज्या परग्रहावरच्या जमातीचा आहे त्यातल्या कुणालाही, मरायची वेळ आली की बाराच वेळा शरीर बदलता येतं. मग २०१० मध्ये द सारा जेन अ‍ॅडव्हेंचर्स या स्पिन-ऑफमध्ये एक पोरगा डॉक्टरलाच विचारतो की किती वेळा बदलू शकतोस, आणि हा गडी बिनधास्त सांगतो ५०७. झालं, आता एवढ्यावर तासभर वाद. पण २०१३ च्या ख्रिसमसच्या भागात मूळ मालिकेनं बाराचीच लिमिट धरली, डॉक्टरचा कोटा संपलाय असं दाखवलं आणि टाइम लॉर्ड लोकांकडून त्याला नवीन कोटा मिळवून दिला. म्हणजे ५०७ हे काय मालिकेनं आपल्याला सांगितलेलं नाही, ते एका पात्राचं बोलणं आहे, आणि ते पात्र खोटं बोलतं हे मालिकेतच सांगून ठेवलंय. माझ्या मते तो सरळ सरळ टोला होता, मोजत बसणाऱ्यांना मारलेला.

म्हणून एक शीट बनवा. भाग, तो कधी दाखवला ते वर्ष, गोष्टीतलं वर्ष, आणि सगळ्यात महत्त्वाचा कॉलम म्हणजे "दिसलं की नुसतं बोललं". डोळ्यासमोर घडलेलं वजनदार, बोललेलं हलकं. मे महिन्यात तसंही दुपारी सोलापुरात घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा बसून भरा. आणि हिंदी डबिंग किंवा सबटायटलवर आकडे लिहू नका, मूळ आवाज ऐका, कारण भाषांतरात साल आणि संख्या हमखास घसरतात आणि मग नसलेली चूक तुम्ही शोधून काढता.

पुढचं, गप्प राहणं म्हणजे विसंगती नाही. डॉक्टर हूचाच दुसरा स्पिन-ऑफ टॉर्चवुड, त्याच्या २०११ च्या सीझनमध्ये अख्ख्या पृथ्वीवर माणसं मरायचीच थांबतात, एवढी मोठी गोष्ट, आणि त्याच वर्षी मूळ मालिकेत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. विचित्र वाटतं, मान्य, पण "असं झालंच नाही" असंही कुणी म्हणत नाही ना. अशाला शीटमध्ये वेगळा रंग द्या.

मग दर्जा ठरवा, म्हणजे कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं. स्टार वॉर्सचं सोपं आहे, एप्रिल २०१४ मध्ये कंपनीनंच जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स "लेजंड्स" असं नाव देऊन अधिकृत गोष्टीतून बाजूला काढले, त्यामुळे जुनी कादंबरी आणि नवीन सिनेमा जुळत नाही म्हणून डोकं फोडून घेऊ नका. स्टार ट्रेकमध्ये साधारण पडद्यावरचं धरतात, पुस्तकं नाही. डॉक्टर हूला अशी अधिकृत यादीच नाही, तिथं आपापसात आधी ठरवून घ्या नाहीतर रात्र पुरणार नाही.

आता ठिगळ लावायचा भाग, म्हणजे न जुळणाऱ्या गोष्टीला कारण शोधून जोडायचं, यातच खरी मजा आहे. स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांची कपाळं घ्या. साठच्या दशकातल्या मूळ मालिकेत सपाट, कारण मेकअपला पैसाच नव्हता, आणि १९७९ च्या सिनेमापासून उंचवटे. १९९६ मध्ये डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेकच्याच मालिकेच्या एका भागात जुने सपाट कपाळाचे क्लिंगॉन समोर येतात, बाकीचे वॉर्फला, जो स्वतः उंचवट्यांचा क्लिंगॉन आहे, विचारतात की हे काय, जेनेटिक भानगड की व्हायरस, आणि तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. विषय संपला होता की! पण २००५ मध्ये एंटरप्राइझ या आणखी एका ट्रेक मालिकेनं दोन भाग खर्ची घालून जेनेटिक भानगड आणि व्हायरस दोन्ही खरे करून टाकले. मला वॉर्फचं उत्तरच जास्त आवडतं, कारण त्यातून नवीन प्रश्न निघत नाही, उलट व्हायरसची गोष्ट लावली की मग कुणाला झाला, कुणाला नाही, बरे कधी झाले हे सगळं मागे लागतं.

तुमचं ठिगळही असंच तपासा, एक भोक बुजवताना दुसरीकडे फाटतंय का. डिस्कव्हरी या ट्रेक मालिकेनं २०१७ मध्ये मूळ मालिकेतल्या स्पॉकला एक दत्तक बहीण दिली, जिचं नाव आधी कुणी कधी काढलं नव्हतं, आणि २०१९ मध्ये ठरवलं की ती ज्या डिस्कव्हरी जहाजावर होती त्याबद्दल आणि त्यावरच्या लोकांबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही, उघडलं तर देशद्रोह. चालतं, पण एवढ्या सगळ्यांनी कायम गप्प राहायचं म्हणजे जरा ओढूनताणूनच आहे.

जे सुटत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढचा भाग लावा. आणि ग्रुपवर टाकताना सीझन, भाग आणि मिनिट लिहायचंच, नुसतं "मला आठवतंय" म्हणणाऱ्यानं पुढच्या चहाचे पैसे द्यायचे.